आल्यो विचारतो, मग काल्यो का नाही?



युरोपच्या सहलीला निघालेल्या आपल्या बायका एक वाक्य पाठ करून जातात. ‘सेन्झा आल्यो, सेन्झा चिपोल्ला.’ लसूण नको, कांदा नको. साठीनंतर परक्या भाषेतले चार शब्द जिभेवर बसवायचे आणि कोट घातलेल्या वेटरला न घाबरता ते सांगायचे, याचे मला कौतुकच आहे. पण इटालियनमध्ये ‘आल्यो’च्या आधी एक ‘क’ आला की ‘काल्यो’ होतो, आणि त्याची चौकशी आपल्यातली क्वचितच कुणी करते.

काल्यो म्हणजे रेनेट. चीज करताना दूध साकळायला जे घालतात ते. आपण पनीरला लिंबू पिळतो. तिथे बहुतेक जुन्या चीजना दूध पिणाऱ्या वासराच्या चौथ्या जठरातून काढलेला अर्क वापरतात. तो जिवंत वासरातून निघत नाही. पार्मिजानो रेज्जानो, म्हणजे आपण ज्याला पार्मेझान म्हणतो त्याचे मूळ, हे तर कायद्यानेच असे बांधलेले आहे: दूध, मीठ आणि वासराचे रेनेट, बाकी काही नाही. दुसरे रेनेट घातले तर त्या नावाने विकताच येत नाही. ग्राना पादानोलाही प्राण्याचेच रेनेट लागते, आणि पेकोरिनो रोमानोला कोकराचे. म्हैशीच्या दुधाचा तो पांढराशुभ्र मोझरेला, ज्याला आपण ‘अगदी आपल्या पनीरसारखा’ म्हणतो, तोही वासराच्याच रेनेटचा.

आपल्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका बघायची सवय डोळ्यांना लागली आहे. भारतात मिळणारे बरेच चीज सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटचे असते, म्हणून इथे आपले निभावते. इटलीत असा सक्तीचा ठिपका नाही. तिथल्या माणसाच्या लेखी चीज म्हणजे शाकाहारच. तो फसवत नसतो, त्याला तसेच वाटते.

आता माझा मुद्दा. कांदा-लसूण आपण सोडतो ते अनंतकाय म्हणून. एका कंदात अनंत जीव, पण सगळे एकेंद्रिय. त्यांची हिंसा टाळायची ही शिकवण मी लहानपणापासून पाळते आणि ती सैल करा असे मुळीच म्हणत नाही. पण वासरू पंचेंद्रिय. एकेंद्रियासाठी शेफला बाहेर बोलावायचे आणि पंचेंद्रियाच्या जठराचा अर्क ताटावर भुरभुरून घ्यायचा, वर ‘थोडे अजून’ म्हणायचे, हे कुठल्या हिशोबात बसते?

‘अहो, थेंबभर तर असते,’ असे एक ताई मला म्हणाल्या. दुसऱ्या म्हणाल्या, वासरू काही रेनेटसाठी मारत नाहीत, मांसासाठी मारतात. हे आपले उरलेसुरले. त्यावर माझ्यातली बी.कॉम. जागी होते. कॉस्टिंगच्या पेपरात आम्हाला उपउत्पादन शिकवले होते. मुख्य माल तयार होताना जे उरते त्याची विक्री झाली, की तेवढी रक्कम मुख्य मालाच्या खर्चातून वजा होते. म्हणजे उरलेसुरले विकत घेणारा मुख्य धंद्याला हातभारच लावत असतो. ते गणित मला पंचेचाळीस वर्षांपूर्वी पटले होते, आजही पटते. (दुधाचे काय, असे माझी नात विचारते. तिचा प्रश्न रास्त आहे, पण तो मोठा आहे; त्यावर वेगळे लिहीन.)

आता भारी रेस्टॉरंटविषयी. फ्लॉरेन्समध्ये मुलाने आम्हा दोघांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला एका नावाजलेल्या ठिकाणी टेबल घेतले होते. पांढरी टेबलक्लॉथ, एका ताटाला तीन काटे, आणि माणशी ‘कोपेर्तो’, म्हणजे नुसते बसायचे आणि पावाचे पैसे. मेनूकार्डावर तळाशी लिहिलेले असते, आधीच वाचून घ्यावे, म्हणजे बिल आल्यावर ‘ह्यां’ची भुवई वर जात नाही.

सुरुवातीला चीजची पाटी पुढे करतात. पेकोरिनो, त्यावर मध, शेजारी ओले अंजीर, आणि सोबत वाइनची शिफारस. मला हसूच आले. मद्य, मांस, मधु आणि पाच उदुंबर फळे यांचा त्याग हे आपले अष्ट मूलगुण. इथे त्या त्यागाची जवळजवळ सगळी यादी एकाच लाकडी फळीवर मांडून ठेवलेली. अंजीर उदुंबरांच्याच घराण्यातले, आणि रेनेट मी मांसाच्या खात्यात धरते.

सूनबाईने वेटरला सरळ सांगितले: आम्ही जैन आहोत. मांस, मासे, अंडी, जमिनीखालचे कंद, मध, दारू आणि वासराच्या रेनेटचे चीज आमच्या धर्मात चालत नाही. तुम्हाला काय करता येईल? तो आत गेला. बराच वेळ आला नाही, तेव्हा मला वाटले आता नुसता पाव येणार. आला तो यादी घेऊन. रिझोत्तो नको, त्यात मांसाचा रस्सा आहे. ताजा पास्ता नको, अंड्याचा आहे. भाजीचे सूप नको, त्याची सुरुवातच कांदा, गाजर, सेलरी परतून होते. बटाट्याचे न्योकी तर आम्हीच खोडले. पण कोरडी स्पॅगेटी नुसती गहू-पाण्याची आहे, ती नवीन पाण्यात उकळू. टोमॅटो आत्ता चिरू, बेसिल, ऑलिव्ह तेल. मक्याच्या पिठाचा पोलेंता पाण्यात शिजवू, वर झुकिनी. पान्ना कोत्तात जिलेटिन आहे, त्याऐवजी लिंबाचे सोर्बेत्तो, अंड्याचा पांढरा भाग न घालता.

जेवण कसे होते? साधे. पोलेंता म्हणजे मक्याच्या कण्याच म्हणा, आपण त्यात ताक घालतो, ते ऑलिव्ह तेल. टोमॅटो मात्र असे गोड की अजून आठवतात. एवढ्या पैशात एवढेच का, असे ‘ह्यां’ना वाटले, मला नाही वाटले. भारी ठिकाणी आपण पैसे मोजतो ते याचेच, की आत एक माणूस तुमच्यासाठी नवीन पातेले चढवतो. स्वस्त ठिकाणी सॉस सकाळीच करून ठेवलेला असतो, त्यातून लसूण कोण वेचून काढणार? अपवाद नेपल्सच्या पद्धतीच्या पिझ्झ्याचा. त्याचा टोमॅटो न शिजवता नुसता कुस्करून मीठ घातलेला असतो. चीज आणि लसूण वगळून मागा, छान लागतो.

एक गोष्ट मला फार खटकते, ती लिहितेच. सहल कंपन्यांचे काही गाइड सांगतात, ‘धर्म वगैरे समजावत बसू नका, ॲलर्जी आहे म्हणा, पटकन काम होते.’ आणि आपल्या बायका म्हणतात! युरोपात डिसेंबर २०१४ पासून हॉटेलांना १४ पदार्थांची माहिती ग्राहकाला द्यावीच लागते: अंडी, दूध, मासे, शेंगदाणे, सेलरी वगैरे. ॲलर्जी म्हटले की ते लोक पाट्या बदलतात, सुऱ्या धुतात, कारण समोरच्याच्या जिवाचा प्रश्न असतो. त्या १४ पदार्थांत कांदा नाही, लसूण नाही, मांस नाही आणि रेनेटही नाही. म्हणजे खोटे बोलून त्या कायद्याचा आपल्याला फायदाही शून्य. आणि ‘लसणाची ॲलर्जी’ सांगणारी बाई दुसऱ्या दिवशी त्याच टेबलावर ‘थोडासा चालेल’ म्हणते, तेव्हा ज्या लेकराला खरोखर शेंगदाण्याने श्वास कोंडतो त्याच्या आईचे म्हणणे तो वेटर पुढे कितपत मनावर घेईल? दशलक्षणात आपण उत्तम आर्जव, उत्तम सत्य या दिवशी पूजा करतो. अहिंसेसाठी सत्य मोडायचे, आणि तेही पास्त्यासाठी, हे मला पटत नाही. ‘आमच्या धर्मात चालत नाही’ हे वाक्य बोलायला लाज कसली? त्या देशात उपास, लेंट, शुक्रवारी मांस न खाणे हे सगळे माहीत असलेली माणसे आहेत.

वेळेचे थोडे बघा. रेस्टॉरंटे संध्याकाळी साडेसातच्या आत सहसा उघडत नाहीत. जूनमध्ये फ्लॉरेन्सला सूर्य नऊच्या सुमारास मावळतो. दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटे आधी उठायचे म्हटले तर पाऊण तास मिळतो, आणि इटालियन माणूस पाऊण तासात पावाची टोपलीच आणतो. म्हणून असे खास जेवण दुपारीच घ्यावे. हिवाळ्यात तर पर्यायच नाही, डिसेंबरात तिथे सूर्य पाचच्या आतच मावळतो.

दुकानातून चीज घ्यायचेच असेल तर पाकिटावर ‘काल्यो वेजेताले’ किंवा ‘काल्यो मिक्रोबिको’ शोधा, म्हणजे वनस्पतीचे किंवा सूक्ष्मजीवांचे. नुसते ‘काल्यो’ असेल तर परत ठेवा. मस्कारपोने आम्लाने साकळतात, त्यात रेनेट नसते. पण तिरामिसूत ते कच्च्या अंड्यांबरोबर येते, तेवढे लक्षात असू द्या. रिकोत्ता नावाला साधा, पण रेनेट घातलेल्या दुधाच्या निवळीचाच करतात.

आणि बॅगेचे विचारणाऱ्यांना सांगते: दूध आणि दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात न्यायला बंदी आहे, त्यामुळे तुपाची बरणी आणि पेढे घरीच ठेवा. मेतकूट, भाजलेले पोहे, खाकरे न्या. मेतकुटाला मी घरच्या डाळी भाजून पंधरा दिवस पुरेल एवढेच दळते, हिंग जरा जास्त.