आईच्या वाढदिवसाचं बडोदं

वाढदिवसाला एखाद्याला भारी हॉटेलात नेण्यापेक्षा त्याच्या तरुणपणाच्या गावी न्यावं, असं माझं ठाम मत आहे. म्हणूनच यंदा आईच्या वाढदिवसाला आम्ही मुलं-नातवंडं तिला घेऊन बडोद्याला गेलो. १८८१ साली सुरू झालेल्या बडोदा कॉलेजभोवती १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ उभं राहिलं, आणि आई तिथेच शिकली. कला शाखेच्या भव्य घुमटाखाली क्षणभर थांबून ती म्हणाली, "चला, आधी सेव उसळ!" पांढऱ्या वाटाण्याची पातळ उसळ, वर मूठभर शेव, कांद्याची पात, लागेल तशी तिखट तरी आणि सोबत पाव. आपल्या मिसळीची ही सख्खी बहीण. गायकवाडांच्या या नगरीत मराठी आणि गुजराती चवी किती पिढ्यांपासून एका ताटात नांदत आहेत, ते पहिल्याच घासाला कळतं. मग बटाट्याचा कीस आणि हरभऱ्याच्या डाळीचा ओलसर, गोडसर लीलो चिवडा, आणि शेवटी पेढे. खाता खाता आई वसतिगृहाच्या, मैत्रिणींच्या, परीक्षांच्या गोष्टी सांगत राहिली. त्यातल्या कितीतरी आम्ही कधी ऐकल्याच नव्हत्या, कारण आम्ही कधी विचारलंच नव्हतं. आपल्या आई-वडिलांना आपल्याआधीचं एक आयुष्य असतं. ते अजून चालू-फिरू शकतात तोवर त्यांना त्या गावी घेऊन जा, आणि काय खायचं ते त्यांनाच ठरवू द्या.