चाक भिंतीवर टांगू नका

आमच्या गोठ्याच्या पडवीत एक दमणी उभी आहे. आज्याने केलेली. १९८४ साली माझी वरात तिच्यातूनच गेली आणि येताना नवरी घेऊन आली. मागच्या उन्हाळ्यात हायवेवरच्या एका रिसॉर्टचा माणूस ती पाहायला आला. चहूबाजूंनी फिरला, मोबाइलवर फोटो काढले आणि म्हणाला, "काका, चाकं खराब असली तरी चालेल. आम्हाला थोडीच ती फिरवायची आहे! रिस्टोअर करून लॉनवर ठेवू."

त्याच्या त्या एका वाक्यासाठी हे लिहितो आहे. फिरवायची नाही तर रिस्टोअर काय करणार, असं मी विचारलं. तो म्हणाला, पॉलिश मारू, आरे सोनेरी रंगवू, आत फुलांच्या कुंड्या ठेवू. म्हणजे मयताला आंघोळ घालायची, नवं धोतर नेसवायचं आणि लोकांना सांगायचं, पाहा, माणूस बरा झाला!

जुन्या वस्तूंचा शौक वाईट, असं माझं म्हणणं नाही. माझा भाचा पुण्याला राहतो, त्याला जुन्या मोटारींचा नाद आहे. त्यानेच मला मॉरिस मायनर ट्रॅव्हलर नावाच्या गाडीची चित्रं दाखवली. ती १९५३ साली इंग्लंडात निघाली. तिच्या मागच्या अंगाचा सांगाडा अ‍ॅश नावाच्या झाडाच्या लाकडाचा आहे. ते लाकूड शोभेचं नाही, त्याच्यावर गाडीचं मागचं अंग उभं असतं. ते कुजलं तर तिथल्या तपासणीत गाडी नापास होते. मग तिथले कारागीर त्याच जातीचं लाकूड घेतात, त्याच मापाचा तुकडा घडवून बसवतात आणि गाडी पुन्हा रस्त्यावर आणतात. जुनी मोटार स्वतःच्या चाकांवर धावली तरच तिच्या मालकाला मान. मोटारीला हा न्याय, तर बंडीला का नाही? बंडी कास्तकाराची म्हणून?

मी दमणी दिली नाही. आमच्या गावच्या म्हाताऱ्या वाढयाला बोलावलं. त्याचं वय चौऱ्याहत्तर. डाव्या चाकाचे तीन आरे आणि एक पुठ्ठा गेला होता, तुंब्यालाही चीर होती. मी म्हटलं, दादा, घरी सागाचा ओंडका पडला आहे, त्याचाच तुंबा करा. तो हसला. "भाऊ, सागाचा नोको सांगू. साग दिसाले राजा, पण आरे ठोकले का उकलते. तुंबा बाभळीचाच पाहिजे." आमच्या धुऱ्यावरची एक बाभूळ वादळात पडली होती. तिचं खोड दोन पावसाळे नाल्याच्या गाळात मुरवून मग सावलीत वाळवून ठेवलं होतं. तेच कामी आलं.

एका चाकात सहा पुठ्ठे, बारा आरे. प्रत्येक पुठ्ठ्यात दोन. वाढयाने टेप घेतला नाही. काडीवर खुणा करून जुन्या आऱ्याचं माप उतरवलं आणि वाकसाने नवे आरे तासले. तिन्ही आरे सारखे दिसत होते, पण एकाच्या जागी दुसरा बसत नव्हता, कारण शंभर हंगामांत प्रत्येक भोक आपापल्या परीने झिजलं होतं. शेवटी लोहार आला. लोखंडी धाव चाकाच्या घेरापेक्षा थोडी कमीच ठेवतात. गोवऱ्यांच्या आगीत ती लाल केली की फुगते. मग चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. ती आवळत जाते आणि सारे सांधे कडकड वाजत बंद होतात. सांध्यात खिळा नाही, सरस नाही. धाव किती कमी ठेवायची, हे कोणत्या वहीत लिहिलेलं नाही. फार आवळली तर चाक बशीसारखं वाकतं, सैल राहिली तर पहिल्याच उन्हाळ्यात लाकूड आकसून धाव गळून पडते. हे गणित त्या दोघांच्या डोळ्यात आहे. ते डोळे मिटले की गेलं.

अकरा दिवस लागले. रिसॉर्टवाला सगळ्या दमणीचे जे पैसे देत होता, त्यात या एका चाकाची मजुरी निघत नव्हती. यावरून त्याच्या लेखी काय विकत होतं ते समजा.

कोणी म्हणेल, टायरची बंडी आल्यावर लाकडी चाकाचं रडगाणं कशाला? टायरची बंडी बैलाला हलकी जाते, हे खरं. लोखंडी धावेने डांबरी रस्ता उखडतो, हेही खरं. माझी कापसाची बंडी टायरचीच आहे. सगळ्यांनी मागे फिरावं, असं मी म्हणत नाही. पण जे जुनं ठेवायचं म्हणता, ते तरी खरं ठेवा.

आमच्याच जिल्ह्यात सेवाग्रामला बापूकुटी आहे. माती, बांबू, लाकूड, कवेलू, सारं आसपासचं. उद्या तिच्या भिंतींना कोणी सिमेंटचा गिलावा मारला तर सारा जिल्हा ओरडेल. वर्ध्याच्या मगनवाडीत कुमारप्पांनी ग्रामोद्योगाचं काम उभं केलं, १९३८ साली गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं. खेड्यातला कारागीर जगावा म्हणून हा सारा खटाटोप. त्याच वर्ध्याच्या रस्त्यावर बंडीच्या चाकात बल्ब लावून ते ढाब्याच्या छताला टांगतात आणि त्याला गावरान वातावरण म्हणतात!

शंकरपटाचंही तेच. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने बंदी घातली, २०२१ च्या डिसेंबरात अटी घालून परवानगी दिली. मधल्या साडेसात वर्षांत बैलावर बोलणं झालं, परंपरेवर झालं, पटाच्या मालकांवर झालं. पण पटाचा हलका छकडा घडवणाऱ्या वाढयाच्या चुलीचं काय झालं, हे विचारताना मी कोणालाच ऐकलं नाही.

आणि शहरवाल्यांनाच का बोलू? आधी आम्हीच त्याला सोडलं. खळ्यावर वाढयाचा धान्याचा वाटा काढायचो, तो बंद केला. रोखीने मजुरी देऊ म्हणालो, तीही वेळेवर दिली नाही. मी स्वतः दोन जोड्या चाकं मोडली. धावा भंगारवाल्याला किलोने विकल्या, तुंबे आणि पुठ्ठे न्हाणीच्या चुल्ह्यात घातले. बाभळीचं लाकूड चांगलं जळते, तेवढंच तेव्हा सुचलं. आज वाढयाचा पोरगा नागपुरात प्लायवूडच्या दुकानात कामाला आहे. बापाचा वाकस त्याने कधी हातात धरला नाही, आणि आम्ही जे केलं त्यानंतर त्याने तो का धरावा?

म्हणून माझं मागणं साधं आहे. लॉनवर बंडी ठेवायची तर ठेवा, पण जुंपली तर चालेल अशी ठेवा. तिच्या दुरुस्तीला वाढई बोलवा आणि त्याला गवंड्याइतकी तरी मजुरी द्या, घासाघीस करू नका. आयटीआयच्या सुतारकामाच्या वर्गात वर्षातून एक महिना या म्हाताऱ्यांना खुर्ची आणि मानधन द्या, पोरांकडून एक तरी चाक पुरं करून घ्या. आणि कास्तकार भावांनो, धुऱ्यावरची बाभूळ उगाच पेटवू नका, दोन तरी राहू द्या.

दमणीला आम्ही जवसाचं तेल लावलं, पॉलिश नाही. गवळाऊची जोडी जुंपून वाढयालाच पहिल्यांदा बसवलं आणि गावाबाहेरच्या नाल्यापर्यंत जाऊन आलो. येताना तो खाली उतरला, चाकाजवळ कान नेला आणि म्हणाला, "उजवं चाकही दोन सालांत बोलन भाऊ. लवकर सांगजो. माह्या हाताचा भरोसा नाही आता."

उजव्या चाकाचं लाकूड मी नाल्याच्या गाळात घालून ठेवलं आहे. ते मुरेपर्यंत त्याचा हात चालावा, एवढीच आता चिंता.