साहेब बांधावर का येत नाहीत?

करकंबच्या पारावर बसलं की एक तक्रार हमखास कानी पडते : "विद्यापीठाचे साहेब पगार घेतात, पण बांधावर कुठं दिसतात?" तक्रार खोटी नाही. पण नाण्याची दुसरी बाजूही बघा.

राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ साली स्थापन झाले. शिक्षण, संशोधन आणि विस्तार अशी तीन कामे त्याच्याकडे आहेत. वर्गात शिकवायचे, प्रयोगाच्या प्लॉटवर नोंदी घ्यायच्या आणि मेळाव्यात तुमच्या प्रश्नांना उत्तरेही द्यायची. माणूस मात्र एकच! बढतीच्या वेळी छापलेले शोधनिबंध मोजता येतात. तुमच्या उसाच्या फडात घालवलेली दुपार कशी मोजणार? मग ओढा कागदाकडे जातो, यात नवल ते काय?

पण ही तीन कामे वेगळी नाहीत. मालदांडी ३५-१ ज्वारीच बघा. १९३०च्या दशकात मोहोळच्या केंद्रावर हा वाण निवडला गेला, तो आपल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या मालदांडीतूनच. म्हणजे संशोधनाचे मूळ बांधावरच होते. त्या ज्वारीची भाकरी आपण आजही खातो.

आता आपलं काय चुकतं ते सांगतो. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाचे कृषिदूत, कृषिकन्या कार्यानुभवासाठी गावोगाव येतात. आपण हारतुरे घालतो, फोटो काढतो, सही-शिक्का देतो आणि वाटेला लावतो. त्याऐवजी त्यांना चोपण झालेल्या रानात न्या. मातीचा नमुना त्यांच्याच हातांनी काढून घ्या. पाणी किती दिलं, खत किती टाकलं, खरं सांगा. अहवाल आला की त्यांच्या प्राध्यापकांना त्याच रानात बोलवा. पोरं शिकतील, साहेबांना अभ्यासाला विषय मिळेल, तुम्हाला उत्तर मिळेल. एका फेरीत तिन्ही कामे!

सरपंच आणि पंचायतीच्या अधिकाऱ्यांनी एवढं करावं : कोण आले, कोणत्या गटात काय पाहिले, उपयोग झाला की नाही, हे लिहून ग्रामसभेच्या ठरावासह विद्यापीठाला कळवावे. बांधावरचे काम मोजले जात नसेल, तर ते मोजायला लावणे आपल्याच हाती आहे. नुसती पारावर कुरकुर करून रान सुधारत नाही.