उपमेत हरवलेला फणस

मराठीत फणसावर सर्वांत मोठा अन्याय केला तो उपमेने. कोकणी माणसाचे वर्णन आले की ‘वरून काटेरी, आतून रसाळ’ हे शब्द लेखणीतून आपसूक उतरतात आणि वाचकालाही त्यात काही खटकत नाही. पण फणस असा दुभंगलेला असतो का?

वनस्पतिशास्त्र निराळेच सांगते. फणस हे एकच फळ नव्हे. एका दांड्याभोवती दाटीने आलेल्या असंख्य फुलांपासून ते समूहफळ बनते. सालीवरचा प्रत्येक काटा म्हणजे अशा एकेका फुलाचे टोक. ज्या फुलात बी धरते त्याचा गरा होतो, बाकीची चिवट तंतूंच्या रूपाने उरतात. काटा आणि गरा ही एकाच फुलाची अंगे असतील, तर त्यांना परस्परविरोधी ठरवणारी उपमा निरीक्षणातून नव्हे, सवयीतून आलेली आहे.

शिवाय ही उपमा गऱ्यापाशीच थांबते, आठळीपर्यंत पोहोचत नाही. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात भाजलेल्या आठळ्यांची तुलना चेस्टनटशी केली. परक्या माणसाने चव घेऊन लिहिले. आपण घरचे असून संकेतावर भागवतो.

फणस मूळचा पश्चिम घाटातल्या सदाहरित जंगलांचा. दमट भुईवर पडताच रुजणे हा आठळीचा धर्म. भाजून-उकडून खाण्यासाठी ती पावसाळ्यापुरती राखता येते. पण वाळली की तिची रुजण्याची शक्ती जाते. धान्याच्या बियाण्यासारखी ती कोरडी करून वर्षानुवर्षे साठवता येत नाही. वाण राखायचे तर झाडच राखावे लागते.

कुयरी, कापा, बरका, आठळी या शब्दांचेही तसेच आहे. कोशात ते सुरक्षित आहेत, पण वापराची ओल नसेल तर तिथून रुजणार नाहीत. हीही उपमाच झाली, हे मान्य. फक्त ती झाडाकडे पाहून केलेली आहे.

म्हणूनच, वर्गात ‘उपमा अलंकार’ अशी नोंद करून पुढे सरकण्यापूर्वी उपमान नेमके कसे असते, हे विद्यार्थ्यांना एकदा विचारावे. अलंकाराची व्याख्या पाठ असणाऱ्याला आठळी माहीत नसेल, तर त्याने कवितेचा अर्धाच भाग वाचलेला असतो.