दातांचा जमाखर्च

वार्षिक स्मरणिकेत धान्याच्या व्यापाऱ्याने लिहावयाचे, तर ते बाजारभाव, कर किंवा गोदामांच्या अडचणी यांवर लिहावे, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. यंदा आम्ही दातांवर लिहावयाचे ठरविले आहे. हे वाचून काही व्यापारी बंधू दात काढतील. त्यास आमची हरकत नाही. परंतु पैसा वाचविण्यासाठी खरोखरच दात काढण्याची जी रूढी आपल्यात पडली आहे, तिला मात्र आमची सक्त हरकत आहे.

प्रथम स्वतःचीच वही उघडून दाखवितो. काही वर्षांपूर्वी आमच्या खालच्या दाढेस एक बारीक भोक पडले. गार पाणी लागले की कळ येई. दंतवैद्यांनी ती भरून घेण्यास सांगितले. आम्ही सुगीचे निमित्त सांगून घरी आलो व लवंगेच्या तेलाच्या बोळ्यावर दोन वर्षे काढली. पुढे एके रात्री गाल सुजला. आता मुळापर्यंतचे उपचार करून वर टोपी बसविण्यास अधिक पैसे पडणार, असे कळल्यावर आम्ही ‘काढूनच टाका’ म्हणालो, आणि मोठी बचत केल्याच्या समाधानात पेढीवर येऊन बसलो. परंतु रिकाम्या जागेकडे शेजारचे दात कलू लागले, वरची दाढ खाली उतरू लागली, एका बाजूने चावणे बंद झाले. शेवटी तेथे पूल बसवावा लागला व त्याच्या आधारासाठी दोन्ही बाजूंचे दोन चांगले दात कानसून घ्यावे लागले. एका दाढेच्या भरणीचे पैसे वाचविले आणि तीन दातांचे मोजले! एखाद्या मुनिमाने असा हिशेब मांडला असता, तर आम्ही त्यास त्याच दिवशी घरी पाठविले असते.

वास्तविक हा धडा धान्यवाल्यास कोणी शिकवावा असा नाही. दातास कीड लागते आणि धान्यासही कीड लागते; भाषेनेच दोहोंना एक शब्द दिला आहे. दातात प्रत्यक्ष किडा नसतो, हे खरे. गोड व पिठूळ पदार्थांच्या कणांवर तोंडातील सूक्ष्म जंतू जगतात, त्यांपासून आम्ल होते व ते दाताचे वरचे कठीण कवच झिजविते. त्या कवचास संवेदना नसते, म्हणून आरंभी दुखत नाही. दुखू लागते तेव्हा कीड आतल्या थरात पोहोचलेली असते. पोत्यातून पीठ गळू लागेपर्यंत कोणता व्यापारी थांबतो? आपण परखी मारून नमुना पाहतो, गोदाम कोरडे ठेवतो, थप्पीखाली फळ्या घालतो. जीवहिंसा टाळू इच्छिणाऱ्यास तर कीड मारण्यापेक्षा ती होऊच न देणे अधिक प्रिय असावयास हवे. दंतवैद्यांकडील सहामाही वा वार्षिक तपासणी म्हणजे दातांची परखीच होय.

येथे काही वडीलधारी मंडळी सांगतात की, मुनिमहाराज दंतधावन करीत नाहीत, तरी त्यांचे काय अडते? ‘अदंतधावन’ हा दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांपैकी एक आहे, हे आम्ही नम्रपणे जाणतो. परंतु एकभुक्त हाही त्याच अठ्ठाविसांतील मूलगुण आहे. दिवसातून एकदाच आहार घेणाऱ्या विरक्ताचा दाखला, पेढीवर बसून दहा वेळा साखरेचा चहा घेणाऱ्या व मध्ये मध्ये सुपारी चघळणाऱ्या गृहस्थाने द्यावा काय? गृहस्थाने गृहस्थाचाच आचार पाळावा. सकाळी व रात्री झोपण्यापूर्वी दात घासावेत.

आता खर्चाविषयी. दंतवैद्यांचे दर परवडत नाहीत, ही तक्रार सर्वस्वी खोटी नव्हे. परंतु घासाघीस करण्यापेक्षा चौकशी करावी. कोणते काम आज निकडीचे, कोणते थांबू शकते, त्यास पर्याय कोणता व एकूण किती बैठका लागतील, हे आधी कागदावर मागून घ्यावे. मोठ्या कामापूर्वी दुसऱ्या दंतवैद्यांचे मत घेण्यात अपमान कोणाचाच नाही. मात्र स्वस्ताईच्या मोहाने नोंदणी नसलेल्या माणसाच्या हाती तोंड देऊ नये. दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा 1948 पासून आहे, तो याचसाठी. मुलांच्या बाबतीत एक गोष्ट विशेष ध्यानी धरावी. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांमागे जी दाढ येते, ती दुधाची नसून कायमची असते. ‘पडणारच आहे’ म्हणून तिची हेळसांड होते व आयुष्यभराचे नुकसान पदरी येते.

आपल्या भागाचे भाग्य असे की, बेळगावात दोन दंत महाविद्यालये आहेत. नेहरूनगरातील के. एल. ई. संस्थेचे महाविद्यालय 1985 साली सुरू झाले, तर मराठा मंडळाचे महाविद्यालय बॉक्साइट रोडवर, आम्हा कंग्राळीकरांस अगदी जवळ आहे. अशा ठिकाणी विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. त्यामुळे खर्च कमी पडतो, पण वेळ अधिक लागतो. प्रत्येक पायरी अध्यापकांनी तपासल्यावाचून पुढील पायरी होत नाही. पैशाची बचत वेळाने भरावी लागते, एवढेच. मुलांच्या हाती पेढी सोपविलेल्या आमच्यासारख्यास वेळेची वाण नाही.

परंतु ज्यास वेळेची वाण आहे, त्याचे काय? हाच प्रश्न मांडण्यासाठी आम्ही लेखणी हाती घेतली आहे. आमच्या गोदामातील एका जुन्या हमालाच्या गालात आतून पांढरा चट्टा पडला होता. अनेक वर्षे तंबाखू-चुन्याची गोळी त्याच जागी धरलेली. असा चट्टा पुढे कर्करोगाचे रूप घेऊ शकतो, हे ठाऊक असल्याने आम्ही त्यास महाविद्यालयात जाण्यास सांगितले. तो म्हणाला, ‘‘शेठ, तिथं पैसे थोडे लागतात, पण माझा दिवस जातो.’’ आम्ही निरुत्तर झालो. लग्नकार्यास उचल देताना आम्ही कधी मागेपुढे पाहिले नव्हते. पण त्याच्या एका दिवसाची मजुरी आमच्या ध्यानीही आली नव्हती. त्या दिवशी ती आम्ही दिली व तो गेला. चट्टा वेळीच दिसला, म्हणून तंबाखू सोडण्यावर व नियमित तपासणीवर भागले.

निपाणीच्या तंबाखूवर आपल्या भागातील कित्येक घरे उभी राहिली, हे आम्ही विसरत नाही. पण त्याच तंबाखूची मशेरी आजही कित्येक भगिनी दातांना लावतात. तंबाखू घातलेल्या दंतमंजनांवर व टूथपेस्टवर केंद्र सरकारने 1992 साली बंदी घातली. घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीस मात्र कायदा कोठवर अडविणार? तेथे आपुलकीचा शब्दच पोहोचू शकतो.

म्हणून आमची संघास विनंती आहे. वर्षातून एकदा, दिवाळीपूर्वी, महाविद्यालयाच्या सहकार्याने बाजार आवारात दंततपासणी व्हावी. तीत शेठ, मुनीम, तोलार व हमाल यांनी एकाच रांगेत उभे राहावे. आणि पुढील उपचारासाठी जाणाऱ्या हमालाच्या त्या दिवसाच्या मजुरीसाठी संघाने एक लहानसा निधी राखावा. महाविद्यालयाने दर उतरविला आहे. उरलेला अडसर एका दिवसाच्या मजुरीचा आहे, व तो दूर करणे आपल्या हाती आहे.

काटकसर हा व्यापाऱ्याचा अलंकार खरा. पण वेळेवर केलेला लहान खर्च हाच तिचा पाया होय. जो खर्च आज टाळल्याने उद्या चौपट होऊन दारी येतो, त्यास बचत म्हणत नाहीत. त्यास चक्रवाढ व्याजाचे कर्ज म्हणतात. इत्यलम्.