कोड नवा, डेटा जुना: एका आकड्यामुळे 'बेसकॅम्प' पाच तास का अडलं?

८ नोव्हेंबर २०१८. ऑफिसची कामं ऑनलाइन सांभाळणाऱ्या 'बेसकॅम्प ३' या ॲपमध्ये अचानक काहीच नवं लिहिता येईना. जुने मेसेज दिसत होते, फाइल्स दिसत होत्या, पण साधी कमेंटही टाकता येत नव्हती. जवळपास पाच तास जगभरातले युजर्स असेच अडकले होते.

हॅकिंग झालं नव्हतं. संपला होता तो फक्त एक आकडा: २,१४,७४,८३,६४७.

हा आकडा आला कुठून?

डेटाबेसमधली माहिती तक्त्यांत साठवलेली असते. प्रत्येक नोंदीला एक क्रमांक मिळतो. त्या क्रमांकासाठी किती जागा ठेवायची, हे तक्ता तयार करतानाच ठरतं. ३२ बिटची जागा ठेवली, तर साधारणपणे याहून मोठा आकडा त्यात मावत नाही. फॉर्मवर दहाच चौकोन असतील, तर अकरावा अंक लिहिणार कुठे?

बेसकॅम्पवरच्या प्रत्येक हालचालीची नोंद एका तक्त्यात व्हायची. त्या दिवशी तिथले क्रमांक संपले.

उपाय आधीच होता, तरी असं का झालं?

बेसकॅम्प 'रुबी ऑन रेल्स' वापरतं. डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी बेसकॅम्प बनवतानाच ते तयार केलं. २०१७ मध्ये आलेल्या रेल्सच्या ५.१ आवृत्तीपासून क्रमांकांसाठी ६४ बिटची जागा मिळू लागली. त्यात १९ अंकी आकडा मावतो.

पण ही सोय नव्या तक्त्यांसाठी होती. जुने तक्ते आपोआप बदलत नाहीत. त्यासाठी वेगळं 'मायग्रेशन' करावं लागतं, म्हणजे साठलेला डेटा न गमावता डेटाबेसची रचना बदलावी लागते. इथे ते राहून गेलं. ही चूक टाळता आली असती, अशी कबुली हॅन्सन यांनी नंतर जाहीरपणे दिली.

याउलट, डिसेंबर २०१४ मध्ये 'गंगनम स्टाइल'चे व्ह्यूज याच आकड्याच्या पुढे गेले. यूट्यूबने धोका आधीच ओळखून काउंटर ६४ बिटचा केला होता. व्हिडिओ सुरळीत चालत राहिला.

चालू ॲपमध्ये हा बदल कसा करतात?

कोट्यवधी नोंदींचा तक्ता एका झटक्यात बदलायला गेलं, तर तो तासन् तास अडकून राहू शकतो. म्हणून काम टप्प्याटप्प्याने करतात:

- आधी बॅकअप घेतात आणि डेटाच्या प्रतीवर चाचणी करतात.
- जुन्या रकान्याशेजारी नवा, मोठा रकाना जोडतात.
- नवी माहिती दोन्हीकडे लिहितात.
- जुन्या नोंदी थोड्या थोड्या करून नव्या रकान्यात भरतात.
- दोन्हींचा ताळा जुळला की ॲप नव्या रकान्यावर नेतात. जुना रकाना सगळ्यात शेवटी काढतात.

तुमच्याशी याचा काय संबंध?

ॲपचा नवा लूक बिघडला, तर जुना परत आणता येतो. डेटाचं तसं नसतं. चुकीच्या मायग्रेशनमध्ये पुसली गेलेली नोंद बॅकअप नसेल, तर परत मिळत नाही. तुमचे फोटो, चॅट आणि बँकेतले व्यवहार अशाच तक्त्यांमध्ये असतात.

त्यामुळे 'मध्यरात्री दोन तास सेवा बंद राहील' असा मेसेज आला, तर वैतागण्याआधी बेसकॅम्प आठवा. आधी सांगून घेतलेले दोन तास भर कामाच्या वेळी गेलेल्या पाच तासांपेक्षा परवडतात.