शहाजोग हुंडी आणि चुकलेलं नेटवर्क

'शहाजोग' हा शब्द आज आपण टोमणा मारायलाच वापरतो. आतून भलताच आणि वरून साळसूद, तो शहाजोग. मूळ अर्थ मात्र चांगला होता आणि तो बाजारातून आला होता. जिचे पैसे कुणाच्याही हातात न देता बाजारात पत असलेल्या 'शहा'लाच द्यायचे, ती शहाजोग हुंडी. ती चोरली तरी चोराला सहज वटवता येत नसे. त्याला आधी पतवाला सावकार गाठावा लागे, आणि तो विचारणारच, 'ही तुझ्याकडे आली कशी?' हुंडी हरवली तर दुसरी लिहून मिळे, तिला पैठ म्हणत. तीही हरवली तर परपैठ. सतराव्या शतकात सुरतेहून बुऱ्हाणपूर, आग्र्यापर्यंत हुंड्या चालत. इंग्रज आणि डच वखारीसुद्धा त्यांवर अवलंबून असत. आपल्यातल्या बऱ्याच जणांचे आईबाबा ज्या तापीकाठाने खानदेशातून लिंबायत-उधन्यात आले, त्याच बाजूने हा कागद ये-जा करत होता.

हे आठवायचं कारण म्हणजे हल्ली कॅन्टीनमध्ये ऐकू येणारा एक सल्ला : 'ज्या नेटवर्कला फी कमी, त्यावरून टोकन पाठव.' हा सल्ला मला धोक्याचा वाटतो. क्रिप्टो घ्यावं की नाही, हा इथे माझा विषय नाही. सुरतेत क्रिप्टो म्हटलं की बिटकनेक्ट आठवतं. भरमसाट व्याजाचं आमिष, जानेवारी २०१८ मध्ये गुंडाळलेला गाशा, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ईडीने त्या तपासात जप्त केलेलं १,६४६ कोटी रुपयांचं क्रिप्टो. त्यातून गावाने धडा घेतला, लबाडांपासून सांभाळा. बरोबरच आहे. पण इथे पैसे लबाडाशिवायही बुडतात, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

यूएसडीटी हे नाव एकच, पण इथेरियमवरचं यूएसडीटी आणि ट्रॉनवरचं यूएसडीटी या दोन वेगळ्या वह्यांतल्या नोंदी आहेत. इथेरियमवर दर १२ सेकंदांनी पान लिहिलं जातं, लिहिणारे लाखोंच्या घरात, आणि गर्दी झाली की फी चढते. ट्रॉनवर साधारण ३ सेकंदांत पान पूर्ण होतं, पण एका वेळी लिहिणारे फक्त २७. वेग आणि स्वस्ताई फुकट येत नाही, वही थोड्या हातांत जाते. जुन्या मराठीत हुंडीच्या खर्चाला हुंडणावळ म्हणत. हुंडणावळ बघून पेढी निवडणारा व्यापारी फार दिवस टिकला नसता.

खरी गोम पत्त्यात आहे. ट्रॉनचा पत्ता इंग्रजी टी अक्षराने सुरू होतो, त्यामुळे तिथे घोटाळा निदान डोळ्यांना दिसतो. पण इथेरियम, पॉलिगॉन आणि बीएनबी चेन यांचे पत्ते एकाच साच्याचे, शून्य आणि एक्सने सुरू होणारे. पत्ता बरोबर आणि नेटवर्क चूक, असं सहज घडतं. पाठवलेलं तुमच्या स्वतःच्या वॉलेटमध्ये गेलं असेल तर फार घाबरू नका. किल्ली एकच असते, वॉलेटमध्ये ते नेटवर्क जोडलं की टोकन बहुधा दिसतं. पण पत्ता एक्स्चेंजचा असेल तर किल्ली त्यांच्याकडे. ते नेटवर्क ते चालवतच नसतील तर विनवण्या करत बसायचं. पैठ नाही, परपैठ नाही.

एका नेटवर्कवरून दुसऱ्यावर जायला 'ब्रिज' असतात. तुमचं टोकन एका बाजूला पेटीत बंद होतं आणि दुसऱ्या बाजूला त्याची पावती मिळते. म्हणजे ही हुंडीच! मग प्रश्नही जुनाच, पेटी कोण राखतं? मार्च २०२२ मध्ये रोनिन ब्रिजच्या ९ किल्ल्यांपैकी ५ चोरांच्या हाती लागल्या आणि ६० कोटी डॉलरहून जास्त माल गेला. राखणदारांना सहा दिवस पत्ता नव्हता. त्याच्या सुमारे दीड महिना आधी वर्महोलमध्ये उलटा प्रकार झाला, पेटीत काही न टाकताच १,२०,००० इथरच्या पावत्या फाडल्या गेल्या. यूएसडीसीसाठी आता दुसरी पद्धत आहे, इकडचं टोकन जाळायचं आणि तिकडे नवं काढायचं. पेटीच नाही, म्हणून मला ती बरी वाटते. आणि घेणारं एक्स्चेंज दोन्ही नेटवर्क चालवत असेल तर ब्रिजच्या वाटेला जाऊच नये.

पाठवणाऱ्याने आधी घेणाऱ्याच्या पानावर नेटवर्कचं नाव वाचावं. मेमो किंवा टॅग मागितला असेल तर तो विसरू नये. मग अगदी थोडी रक्कम पाठवून ती पोचल्यावर बाकीची पाठवावी. दोनदा फी पडते, पडू द्या. जुन्या व्यवहारांच्या यादीतून पत्ता कॉपी करू नये, कारण पहिली आणि शेवटची अक्षरं जुळणारे बनावट पत्ते त्या यादीत मुद्दाम घुसवले जातात. मे २०२४ मध्ये अशाच एका पत्त्यावर एकाने १,१५५ रॅप्ड बिटकॉइन पाठवले, सुमारे ७ कोटी डॉलर. चोराने नंतर बरेचसे परत केले, ते त्याचं नशीब.

यावर वर्गातले उत्साही म्हणतील, 'मध्ये कुणी नाही, हीच तर याची ताकद.' पण यूएसडीटी काढणारी टेथर कंपनी हवा तो पत्ता गोठवू शकते आणि गोठवतेही. म्हणजे मध्ये कुणीतरी आहेच, फक्त ते तुमची चूक निस्तरायला बसलेलं नाही. मार्च २०२३ पासून भारतातली एक्स्चेंज मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आली आहेत, जुलै २०२२ पासून व्यवहारांवर १ टक्का टीडीएस कापला जातो. इतकं सगळं नियमात बसवता येतं, तर चुकलेल्या नेटवर्कवरचं टोकन किती दिवसांत आणि किती फी घेऊन परत मिळेल, हे प्रत्येक एक्स्चेंजने खातं उघडतानाच मराठी-गुजरातीत लिहून द्यायला काय हरकत आहे?